पावतीचा क्रमांक एकाने वाढवला, तर मी हॅकर की घुसखोर?

तुम्ही विचारलंय ते असं: गावातल्या पतसंस्थेत तुमचं आवर्ती ठेवीचं खातं आहे. संस्थेच्या पोर्टलवर लॉगिन करून हप्त्याची पावती उघडलीत, तेव्हा ब्राउझरमधल्या पत्त्याच्या शेवटी पावतीचा क्रमांक दिसला. सहज म्हणून तो एकाने वाढवलात आणि भलत्याच सभासदाची पावती समोर आली. नाव, खाते क्रमांक, रक्कम, सगळं. मित्र म्हणाला, ‘तू तर हॅकर झालास.’ घरचे म्हणाले, ‘आता पोलीस येतील.’ तेव्हा हॅकर आणि सिस्टिममध्ये शिरणारा गुन्हेगार यांत फरक काय, तुम्ही यातले कोण, आणि संस्थेला हे सांगायचं कसं?

आधी एक गाठ सोडवू. हे दोन शब्द एकाच मापाचे नाहीत. हॅकर हा शब्द माणसाचा स्वभाव आणि कसब सांगतो, घुसखोर हा शब्द त्याने केलेलं कृत्य सांगतो. ‘पट्टीचा पोहणारा’ आणि ‘दुसऱ्याच्या विहिरीत न विचारता उतरलेला’ यांत जो फरक, तोच हा. एकच माणूस दोन्ही असू शकतो. दोन्हींपैकी काहीच नसलेलेही पुष्कळ असतात. ‘चांगला तो हॅकर, वाईट तो क्रॅकर’ अशी वाटणी ऐकायला सोपी आहे, पण तिने तुमच्या पावतीचा प्रश्न सुटत नाही.

हॅकरला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द खटपट्या. शब्दाचा उगमही तसाच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबात आगगाडीच्या प्रतिकृती चालायच्या. रूळ आणि डबे सजवणारी मंडळी वेगळी आणि टेबलाखाली टेलिफोनच्या रिले जोडून सिग्नल चालवणारी वेगळी. या टेबलाखालच्या मंडळींच्या बोलीत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘हॅक’ म्हणजे अंगची चतुराई दिसेल अशी जोडणी किंवा युक्ती. तीच मुलं पुढे टीएक्स-० आणि १९६१ साली आलेल्या पीडीपी-१ या संगणकांवर रात्र रात्र बसली. १९६२चा ‘स्पेसवॉर’ हा खेळ त्याच वातावरणातला. एखादं काम चाळीस सूचनांऐवजी अडतीसांत बसवलं की तो हॅक, आणि बसवणारा हॅकर. (ती मुलं अगदी सोवळी होती असं नाही. बंद खोलीतलं अवजार हवं असलं की कुलूप उघडण्याचाही त्यांना नाद होता.)

शब्द बिघडला तो १९८३च्या सुमाराला. मिलवॉकीच्या पोरांचं एक टोळकं तिथल्या टेलिफोन क्षेत्र क्रमांकावरून स्वतःला ‘४१४’ म्हणवून घ्यायचं. त्यांनी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेच्या आणि न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्राच्या यंत्रांत प्रवेश मिळवला, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना सरसकट हॅकर म्हटलं. जुन्या मंडळींना ते झोंबलं. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात या पोरांचं कौतुक करणाऱ्या पत्रकारांना फटकारलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: शेजाऱ्याच्या घरात शिरणं समाजाला जितकं लाजिरवाणं वाटतं, तितकंच संगणकात शिरणंही वाटलं पाहिजे, मग शेजाऱ्याचं दार उघडं का असेना. हा ‘दार उघडं का असेना’ भाग लक्षात ठेवा. तुमच्या पावतीकडे परत येताना लागेल.

१९८५च्या आसपास हॅकर मंडळींनी घुसखोरांसाठी ‘क्रॅकर’ हा वेगळा शब्द काढला. १९९३च्या आरएफसी १३९२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) या इंटरनेटच्या शब्दसूचीत दोन्ही शब्द वेगवेगळ्या नोंदींत आहेत: यंत्रणेच्या आतल्या रचनेची बारीक समज असण्यात ज्याला आनंद वाटतो तो हॅकर, आणि परवानगीशिवाय यंत्रणेत शिरू पाहतो तो क्रॅकर. व्याख्या उत्तम, पण शब्द काही रुजला नाही. आपल्याकडे तर क्रॅक म्हणजे फुकटात चालवलेलं सॉफ्टवेअर. टोप्यांच्या रंगांचंही तसंच. पांढरी टोपी, काळी टोपी, करडी टोपी हे अमेरिकी काउबॉयपटांतून आलेलं. मराठीत टोपी घालणं याचा अर्थच फसवणं, त्यामुळे रंगाने फारसा उजेड पडत नाही. मी सरळ घुसखोर म्हणतो.

घुसखोराला हॅकरइतकं कसब लागतं हा दुसरा गैरसमज. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल यांनी तो फरक धरून माग काढला, तो थेट जर्मनीतल्या हॅनोवरच्या मार्कुस हेसपर्यंत पोचला. हेस यंत्रांतून चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होता. त्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. ईमॅक्स या संपादकाबरोबर ‘मूव्हमेल’ नावाचा छोटा प्रोग्राम यायचा. आलेली टपाल-फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरात हलवणं एवढंच त्याचं काम. प्रयोगशाळेत तो रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारांनी चालेल असा बसवला होता. म्हणजे कोणीही कोणतीही फाइल कुठेही नेऊन ठेवू शकत होता, अगदी सिस्टिमच्या फाइलींच्या जागीसुद्धा. हेसने ‘एटीरन’ नावाच्या फाइलीची बनावट प्रत तिच्या जागी नेऊन ठेवली. खरी एटीरन दर पाच मिनिटांनी सिस्टिम स्वतःच रूट म्हणून चालवते. तो पाच मिनिटं थांबला आणि सर्वाधिकारी झाला. मग खरी फाइल होती तिथे परत ठेवून दिली.

ईमॅक्स लिहिणारा रिचर्ड स्टॉलमन हा अस्सल हॅकर, आणि ती फट वापरणारा हेस घुसखोर. हेसने नवं असं काहीच बनवलं नव्हतं. त्यानंतर तो महिनोन्‌महिने लष्करी यंत्रांची दारं एकेक करून ठोठावत राहिला, कारखान्यातून आलेले न बदललेले पासवर्ड लावून. सुमारे साडेचारशे यंत्रांवर प्रयत्न आणि तिसाच्या वर यंत्रांत प्रवेश. प्रतिभेपेक्षा चिकाटीचं काम, आणि बहुतेक वेळा कंटाळवाणं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण रॉबर्ट टॅपन मॉरिसचं, आणि ‘मी कोण’ या प्रश्नाला तेच जास्त उपयोगी आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलच्या या विद्यार्थ्याने एमआयटीच्या यंत्रावरून एक वर्म (एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून पसरणारा प्रोग्राम) सोडला. त्यात कसब ठासून भरलं होतं. ‘फिंगर’ ही वापरकर्त्यांची माहिती देणारी सेवा आलेली ओळ ५१२ बाइटांच्या जागेत वाचायची, पण ओळ किती लांब आहे ते मोजत नव्हती. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जास्तीचे बाइट शेजारच्या स्टॅकवर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीवर) सांडले आणि तिथला परतीचा पत्ता बदलून वर्मचाच कोड चालू झाला. ‘सेंडमेल’ या टपाल पोचवणाऱ्या प्रोग्राममध्ये डीबगची सोय उघडी राहिली होती, तिथे पत्त्याच्या जागी आज्ञा देता यायची. शिवाय ४३२ शब्दांची पासवर्ड यादी. वर्म कोणतीही फाइल पुसत नव्हता, काही चोरत नव्हता. घोटाळा झाला तो एका आकड्याने. यंत्रावर आधीच प्रत असेल तर नव्या प्रतीने मागे हटावं अशी सोय होती, पण कोणी खोटी प्रत दाखवून फसवू नये म्हणून सातांतली एक प्रत न हटता चालूच राहायची. सातांत एक हे प्रमाण फार मोठं ठरलं. यंत्रांवर प्रतींवर प्रती साचल्या आणि ती गुदमरली. सुमारे सहा हजार यंत्रं बाधित झाली असा आकडा सांगतात. तो ६०,००० यंत्रांच्या दहा टक्के असा अंदाजच होता.

हेतू वाईट नव्हता, म्हणून मॉरिस सुटला का? नाही. तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. १९९१ साली अपील न्यायालयाने सांगितलं की, विनापरवानगी प्रवेश जाणूनबुजून केला एवढं सिद्ध झालं तर पुरे, नुकसान करण्याचा हेतू वेगळा सिद्ध करायला नको. हाच मॉरिस आज एमआयटीत प्राध्यापक आहे. हॅकर तो तेव्हाही होता आणि आजही आहे. घुसखोर त्या नोव्हेंबरात झाला.

आता आजच्या घुसखोराकडे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये झालेला हल्ला महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे: सुमारे ९४ कोटी रुपये, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि १३.९२ कोटी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगला वळवले गेले. एटीएममधली मागणी मधल्या स्विचमार्गे बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि ‘खात्यात पैसे आहेत का’ हे विचारलं जातं. इथे मधल्या स्विचच्या जागी बनावट स्विच उभा करून तिथूनच ‘आहेत, द्या’ असं उत्तर परत पाठवलं गेलं. मुख्य प्रणालीला विचारलंच जात नव्हतं. हे तांत्रिक काम थोड्या लोकांचं. पण क्लोन केलेली कार्डं घेऊन ठरलेल्या दिवशी एटीएमबाहेर उभे राहणारे, त्यांना जमवणारे, पैसे पुढे पोचवणारे यांपैकी बहुतेकांना कोडची एक ओळ लिहिता येत नसणार. यात हॅकर किती आणि चोर किती ते तुम्हीच मोजा. रोजच्या छोट्या प्रकारांत तर हॅकर शून्यच असतो: विकत घेतलेली चोरीच्या पासवर्डची यादी, बँकेच्या नावाने आलेली एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल, गोड बोलून काढून घेतलेला ओटीपी. ‘माझं अकाउंट हॅक झालं’ असं म्हणतात, त्यात बहुतेक वेळा किल्ली मालकानेच हातात दिलेली असते.

मग सर्व्हर सांभाळणाऱ्याने ओळखायचं कसं? लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, वाचून माणसाचा हेतू कळत नाही, हे आधी मान्य करा. परवानगी घेऊन तपासणी करणाऱ्याच्या आणि घुसखोराच्या पहिल्या तासाभराच्या नोंदी हुबेहूब सारख्या असतात. दोघेही पोर्ट (सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं) चाचपतात, दोघेही लॉगिनच्या चौकटीत अवतरणचिन्हं टाकून बघतात. फरक पुढे पडतो.

सर्व्हरवर लिनक्सचं डेबियन किंवा उबंटू असेल तर ‘ऑथ’ नावाची लॉग फाइल, रेड हॅटच्या घराण्यात असेल तर ‘सिक्युअर’ नावाची. दुरून लॉगिनसाठीचं २२ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवलं की तीत ‘फेल्ड पासवर्ड’च्या ओळींचा पाऊस पडतो: रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पुन्हा रूट. ही माणसं नव्हेत, यंत्रं आहेत आणि ती सगळ्यांकडेच जातात. पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त किल्लीने (आपल्याकडच्या गुप्त फाइलीने) ठेवलं की हा पाऊस निरुपद्रवी होतो. घाबरायचं ते अपयशाच्या हजार ओळींना नाही, त्यांच्यामागे अनोळखी पत्त्यावरून आलेल्या एका ‘ॲक्सेप्टेड’ ओळीला. ती दिसली की पुढच्या जागा ठरलेल्या आहेत. कोणाच्या ‘ऑथराइज्ड कीज’मध्ये, म्हणजे चालणाऱ्या किल्ल्यांच्या यादीत, परकी किल्ली घातली आहे का? क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) तुम्ही न लिहिलेली ओळ आहे का? पासवर्ड फाइलीत रूटशिवाय दुसऱ्या कोणाचा यूजर क्रमांक शून्य (म्हणजे रूटचाच) आहे का? वेबसाइटच्या अपलोड फोल्डरात, जिथे फक्त फोटो असायला हवेत तिथे, पीएचपी (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची) फाइल आहे का? आणि लॉगमध्ये मधलेच दोन तास गायब आहेत का? तपासणी करणारा आपल्या खुणा मागे ठेवतो, कारण त्याला अहवाल लिहायचा असतो. घुसखोर त्या पुसतो आणि पुन्हा येण्याची सोय करून ठेवतो. माझ्या मते परत येण्याची चोरवाट ही घुसखोराची सगळ्यात पक्की खूण.

इथे एक चूक हमखास होते. शंका आली की लोक आधी सर्व्हर रीस्टार्ट करतात किंवा ती पीएचपी फाइल पुसतात. रीस्टार्टने मेमरीतला पुरावा जातो; फाइल पुसल्याने घुसखोर सावध होतो आणि तुम्हाला न सापडलेल्या दुसऱ्या वाटेने परत येतो. यंत्र नेटवर्कपासून तोडा, पण वीज चालू ठेवा. मेमरीची आणि डिस्कची प्रत काढा, प्रतीचा शा-२५६ हॅश (फाइलीचा बोटाचा ठसाच जणू) लिहून ठेवा; भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लागतो. मग चोरवाटा, किल्ल्या आणि पासवर्ड एकाच बैठकीत बदला, थोडे आज आणि थोडे उद्या नको. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. घड्याळ चुकलेल्या सर्व्हरचे लॉग जुळवताना माणूस रडकुंडीला येतो, म्हणून एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने) वेळ जुळवून ठेवा. तेही त्याच निर्देशांत आहे.

तपासणी करणाऱ्याकडे असतो तो कागद. आपल्याकडे या कामाला व्हीएपीटी (त्रुटी शोधून त्यातून आत शिरता येतं का याची तपासणी) म्हणतात, आणि त्याच्या परवानगीपत्रात काय हवं ते नीट ठरलेलं असतं: कोणते पत्ते आणि डोमेन, कोणत्या तारखा व वेळा, तपासणी कोणत्या आयपीवरून होणार, काय करायचं नाही (सेवा बंद पाडणं, कर्मचाऱ्यांना फसवे मेल पाठवणं, चालू डेटा बदलणं), अडचण आली तर मध्यरात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक, आणि हाती आलेल्या डेटाचं पुढे काय करणार. सही कोणाची, इथे सगळ्यात जास्त फसगत होते. शाखाधिकाऱ्याने तोंडी ‘बघा हो जरा’ म्हणणं ही परवानगी नव्हे. पतसंस्थेच्या बाबतीत डेटा संस्थेचा, सॉफ्टवेअर विक्रेत्याचं आणि सर्व्हर तिसऱ्याच कंपनीचा असतो. शेअर्ड होस्टिंग असेल तर त्याच यंत्रावर एखाद्या मंगल कार्यालयाची आणि दुसऱ्या एखाद्या शाळेची साइटही असते; तुमची तपासणी त्यांच्यावर सांडली तर त्यांच्यापुरते तुम्ही घुसखोर.

आणि तपासणी करणारा पुरावा मिळाला की थांबतो. सर्व्हरवर आज्ञा चालते हे दाखवायला त्याला यंत्राचं नाव आणि आपण कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने आहोत एवढ्या दोन ओळी पुरतात. सभासदांचा तक्ता वाचता येतो हे दाखवायला तक्त्यातल्या ओळींची संख्या पुरते, ओळी नकोत. अहवालात प्रत्येक चुकीचे टप्पे, झाकलेल्या नावांचा स्क्रीनशॉट, चूक किती गंभीर ते सांगणारा ० ते १० मधला सीव्हीएसएस गुण, दुरुस्ती; आणि दुरुस्तीनंतर फेरतपासणी.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या मूळ कलम ६६चं नावच ‘हॅकिंग’ होतं, आणि व्याख्या अजब होती: नुकसान करण्याच्या हेतूने किंवा ते होईल हे ठाऊक असून संगणकातली माहिती पुसणं, बदलणं किंवा तिची किंमत घटवणं. म्हणजे रीतसर लॉगिन असलेल्या रागावलेल्या कारकुनाने फाइल पुसली तर तोही हॅकर, आणि बाहेरून येऊन नुसतं बघून गेलेला कदाचित नाही. २००८च्या दुरुस्तीने (अंमल २७ ऑक्टोबर २००९ पासून) हा शब्द कलमातून गेला, ते बरंच झालं. आता रचना दोन पायऱ्यांची आहे. कलम ४३: मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय प्रवेश, डेटा उतरवून घेणं, व्हायरस घालणं, सेवा अडवणं वगैरे. यात हेतूचा प्रश्न बहुतांशी येत नाही, आणि परिणाम म्हणजे नुकसानभरपाई, जिचा दावा राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव निर्णय अधिकारी म्हणून ऐकतात. कलम ६६: हीच कृत्यं अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सद्हेतूने चूक शोधणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. म्हणून ‘माझा हेतू चांगला होता’ ही ढाल तुम्हाला कलम ६६ मध्ये उपयोगी पडेल, ४३ मध्ये तितकीशी नाही.

आता तुमची पावती. तुमच्या हाती लागलेली चूक जुनी आणि प्रसिद्ध आहे. तुम्ही कोण हे सर्व्हर विचारतो, पण ही पावती तुमची आहे का हे विचारत नाही. ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या चुकांचा हा गट पहिल्या क्रमांकावर आहे. कोडमध्ये बहुधा ‘अमुक क्रमांकाची पावती दे’ एवढीच मागणी आहे. ती ‘अमुक क्रमांकाची आणि सध्या लॉगिन असलेल्या सभासदाचीच पावती दे’ अशी हवी, आणि सभासद क्रमांक सेशनमधून (सर्व्हरने ठेवलेल्या लॉगिनच्या नोंदीतून) घ्यायला हवा, ब्राउझरने पाठवलेल्या पत्त्यातून नाही. बरेच विक्रेते पावती क्रमांकाच्या जागी लांबलचक यादृच्छिक अक्षरं घालून ‘झालं’ म्हणतात. त्याने अंदाज बांधणं अवघड होतं, चूक जात नाही. कोणी दुवा व्हॉट्सॲपवर पुढे ढकलला की पावती पुन्हा उघडीच.

एक पावती दिसेपर्यंत तुम्ही खटपटे होतात. दुसरी मुद्दाम उघडलीत की विनापरवानगी प्रवेश जाणूनबुजून झाला. आणि छोटी स्क्रिप्ट लिहून १ ते १०,००० पावत्या उतरवल्यात की मग स्वतःला काय म्हणवून घेता याने काही फरक पडत नाही. नेमका हाच प्रकार अमेरिकेत २०१० साली घडला. एटी अँड टीच्या सर्व्हरला आयपॅडच्या सिमचा क्रमांक दिला की मालकाचा ईमेल पत्ता परत यायचा. क्रमांक वाढवत नेणाऱ्या स्क्रिप्टने सुमारे १,१४,००० पत्ते गोळा झाले आणि ते पत्रकारांना दिले गेले. यात गुंतलेल्या अँड्र्यू ऑर्नहायमरला ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ साली ती रद्द झाली, पण खटला चुकीच्या राज्यात चालवला या मुद्द्यावर; दार उघडं होतं म्हणून नव्हे. चूक सिद्ध करायला एक पत्ता पुरला असता, फार तर दोन.

तेव्हा पुन्हा क्रमांक बदलू नका. खात्री करायचीच असेल तर घरातल्या कोणाचं त्याच संस्थेत खातं असेल, तर त्यांच्या संमतीने तुमच्या लॉगिनमधून त्यांच्या पावतीचा क्रमांक टाकून बघा. निदान दुसऱ्या कोणाचा डेटा तरी पुन्हा उघडला जाणार नाही. आधीच्या स्क्रीनशॉटमधलं नाव, खाते क्रमांक आणि रक्कम काळी करा. मूळ फोटो आणि डाउनलोड झालेली पीडीएफ फाइल पुसा, कुठे पुढे पाठवली असेल तर तिथूनही. मित्रांच्या गटात टाकली नसेल अशी आशा आहे.

मग कळवायचं. मोठ्या साइटवर आधी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ ही फाइल शोधतात. २०२२च्या आरएफसी ९११६ प्रमाणे ती ‘वेल-नोन’ फोल्डरात असते आणि कोणाला कळवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. पतसंस्थेकडे ती असण्याची शक्यता जवळजवळ नाही. म्हणून मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अध्यक्ष यांच्या नावाने अर्ज, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच, आणि तोच मजकूर ईमेलने. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मोबाइलवर करून दाखवू नका. तो घाबरेल, आणि तुम्ही दुसऱ्यांदा तेच कृत्य साक्षीदारासमोर केलेलं असेल. मजकूर अर्ध्या पानाचा पुरे: मी आपला सभासद, अमुक तारखेला अमुक वाजता स्वतःची पावती पाहताना पत्त्यातला क्रमांक बदलल्यावर दुसऱ्या सभासदाची एक पावती दिसली, अन्य पावत्या मी उघडलेल्या नाहीत, दिसलेल्या पावतीची प्रत ठेवलेली नाही, टप्पे असे, संभाव्य दुरुस्ती अशी, विक्रेत्याला माहिती हवी असल्यास मी उपलब्ध आहे. ‘मी आपली सिस्टिम हॅक केली’ हे वाक्य लिहू नका. बक्षिसाचा शब्द काढू नका. ‘नाहीतर मी हे फेसबुकवर टाकीन’ असं तर चुकूनही नको, कारण त्या एका ओळीने अर्जाची खंडणी होते आणि कलम ६६ ला हवा असलेला अप्रामाणिक हेतू तुम्हीच लेखी पुरवलेला असतो.

दुरुस्तीला किती मुदत द्यायची? गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने ९० दिवसांची पद्धत रूढ केली, पण ती मोठ्या कंपन्यांसाठी. इथे दुरुस्ती एका ओळीची असली तरी विक्रेत्याचा माणूस तालुक्याला महिन्यातून एकदा येत असेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्या, आणि तरीही शांतता असेल तर सर्ट-इनकडे त्रुटी कळवा. त्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्ज आहे, आणि ते मधे पडून संस्थेशी बोलतात. १९३० हा क्रमांक यासाठी नाही. तो पैसे गेलेल्यांसाठी आहे, तिथली लाइन अडवू नका.

सराव करायचा असेल तर बग बाउंटीचे (चूक शोधणाऱ्याला बक्षीस देण्याचे) कार्यक्रम चालवणाऱ्या कंपन्या आहेत. नेटस्केपने १९९५ साली असा कार्यक्रम सुरू केला होता. अशा कंपन्यांच्या पानावर कोणती डोमेन चालतील आणि कोणती नाही ते लिहिलेलं असतं, ते वाचून सुरुवात करा. नाहीतर जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकातले आभासी संगणक) चढवा, मुद्दाम भोकं ठेवलेलं ओवास्पचं जूस शॉप एकावर बसवा, नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’ ठेवा म्हणजे चुकून काही बाहेर सांडणार नाही. त्यातही दुसऱ्या ग्राहकाची टोपली उघडण्याचा एक धडा आहे. तुमच्या पावतीचीच चूक, फक्त तिथे सभासदाऐवजी फळांचा रस आहे.